कोणतं पान पुन्हा पुन्हा वाचतोस?

‘लढायांची पुस्तकं वाचून पोरगं बिघडंल का?’ हा प्रश्न लातूरमध्ये माझ्याकडं समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या पालकांनी विचारलाय, की आता तो दारात उभ्या माणसाच्या चेहऱ्यावरच दिसतो. कुणाचा मुलगा रोमन सैनिकांत अडकलेला असतो, कुणाचा सातवाहनांच्या फौजेत, कुणाची मुलगी स्पार्टात. (मुलगी असली की ‘बिघडंल’ म्हणत नाहीत, ‘हे काय पोरीनं वाचायचं का’ म्हणतात. काळजी तीच.) त्यातल्या एका मुलाचं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि बऱ्याच भेटी थोडक्यात आणल्यात.

अकरावी सायन्स, डॉक्टरकीच्या ‘नीट’ प्रवेशपरीक्षेची तयारी, ट्यूशन एरियात कॉट बेसिसवर खोली. वडिलांची सोयाबीनची शेती, फीसाठी काढलेलं कर्ज.

“मॅडम, फिजिक्सच्या गाईडात घालून वाचायलंय ते,” वडील म्हणाले. “नुसते भाले, मुंडकी, रगात. उद्या कुणाच्या डोक्यात दगड घातला म्हंजे?”

आई हळूच म्हणाली, “बोलतच न्हाई ओ. जेव म्हणलं की जेवतंय, झोप म्हणलं की झोपतंय.”

वडिलांच्या तक्रारीपेक्षा आईचं हे वाक्य मी वहीत आधी लिहून घेतलं.

दगडाच्या भीतीचं उत्तर आधी देते. मारकुटी मुलं मी पुष्कळ पाहिलीत. चारशे पानांची कादंबरी नेटानं संपवणारं त्यांच्यात क्वचितच सापडलं. आणि जुन्या सैनिकांच्या चांगल्या कादंबऱ्या एकदा स्वतः चाळून बघा. लढाई दोन पानांत उरकते. उरलेलं सगळं चालणं, पायाचे फोड, पाऊस, रेशन, शेजारच्या सोबत्याचं घोरणं आणि घरची आठवण. खोलीवर राहून पहाटे पाचला उठणाऱ्या मुलाला यात रक्तच दिसत असेल असं आपण का धरून चालतो?

विचारांची चूक शोधून ती दुरुस्त करणारे माझे सहकारी आहेत, त्यांचं काम मोलाचं आहे. माझा कल गोष्टीकडे. माणूस स्वतःबद्दल बोलायला कचरतो, पण आवडत्या पात्राबद्दल बोलताना सगळं सांगून मोकळा होतो. पात्र दोन हजार वर्षांपूर्वीचं असेल तर आणखीच बरं, त्याच्याबद्दल बोललं म्हणून घरात कुणी रागवत नाही.

मुलगा सुरुवातीला ‘हो मॅडम’, ‘नाही मॅडम’ एवढंच. मी अभ्यासाचा विषय काढला नाही. त्याच्या पुस्तकातल्या, अलेक्झांडरच्या मॅसिडोनियन सैनिकांचा भाला केवढा असायचा, ते विचारलं.

तो सरसावून बसला. “सारिसा. अठरा फुटांपर्यंत. पहिल्या पाच रांगांचे भाले एकदमच पुढं येतात. पण एकटा सापडला ना मॅडम, तर त्या भाल्याचा काही उपयोग नाही.”

त्या ‘एकटा’वर मी लगेच काही बोलले नाही. पुढच्या एका भेटीत विचारलं, “या पुस्तकातलं कोणतं पान पुन्हा पुन्हा वाचतोस?”

“बियासच्या काठचं.”

मग तो बराच वेळ बोलला. इ. स. पू. 326. पोरसाशी झालेली झेलमची लढाई नुकतीच संपलेली. अलेक्झांडरला पंजाबातली बियास नदी ओलांडून पुढं जायचंय आणि सैनिक नाही म्हणतात. घर सोडून आठ वर्षं झालेली. घोड्यांचे खूर झिजलेले, अंगावरचे ग्रीक कपडे फाटून गेलेले, इथलंच कापड कापून घातलेलं, सत्तर दिवस पाऊस. हे कादंबरीकारानं रचलेलं नाही, जुन्या ग्रीक इतिहासकारांनी लिहून ठेवलंय. राजा अधिकाऱ्यांना म्हणतो, बोला. कितीतरी वेळ कुणीच बोलत नाही. शेवटी कोइनोस हा जुना सेनापती उठतो आणि सांगतो, की निघालेल्यांतले थोडेच उरलेत आणि उरलेल्यांना आईबाप, बायकापोरं बघायचीत.

“कोइनोस आवडतो तुला?”

“तो थोड्याच दिवसांत मेला, मॅडम.”

“कशानं?”

“आजारानं म्हणतात.” थोडं थांबून, “मला नाही पटत.”

इथं मला वाट सापडली. इतिहासात त्याच्या संशयाला पुरावा नाही, पण तो मुद्दाच नव्हता. हे पोरगं महिनोन्‌महिने एकच हिशेब मांडत होतं: जो बोलतो, त्याचं पुढं काय होतं?

“तुमच्या घरात कुणी नाही म्हणलं तर काय होतं?”

“पप्पा ओरडत नाहीत. बोलतच नाहीत. दोन-दोन दिवस जेवत नाहीत.” आणि मग स्वतःच चमकून माझ्याकडं बघितलं. “अलेक्झांडर पण तंबूत जाऊन बसला होता. तिसऱ्या दिवसापर्यंत कुणाला भेटला नाही.”

तो हसला आणि हसता हसता रडायला लागला. ‘नीट’ त्याला नको होतं. दहावीच्या सुट्टीपासून नको होतं. या कामात असे क्षण मोजकेच येतात. ते आले की मी घाई करत नाही, पाण्याचा ग्लास पुढं सरकवते आणि गप्प बसते. कितीतरी वर्षं गप्प बसण्याचा सराव केलाय, तो उगाच नाही.

पण माझं खरं काम पुढं होतं, कारण तोडगा राजाच्याच गोष्टीत होता. अलेक्झांडरनं ‘तुमचं खरं’ असं म्हटलंच नाही. नदी ओलांडण्यासाठी बळी देऊन कौल घेतला, कौल उलटा आला आणि मग त्यानं परतीचा हुकूम दिला. काठावर बारा वेद्या उभारल्या. माघार घेतली, पण सैनिकांपुढं हरला असं कुणाला म्हणता आलं नाही.

वडिलांना मी हे सगळं सांगितलं, मुलाच्या परवानगीनं. ते हसले. मग म्हणाले, “मॅडम, भावकीत सांगून बसलोय मी, पोरगं डॉक्टर होतंय म्हणून.”

घरोघरी गाडी इथंच अडते. आपण मुलांना ‘बोल’ म्हणतो, पण बोलल्यावर मोठ्या माणसाला मागं फिरायला रस्ता ठेवत नाही. पालकांना माझा आग्रह असतो, की असा रस्ता आधी स्वतःसाठी शोधा. ‘या परीक्षेपर्यंत बघू, मग दोघं मिळून ठरवू’ हेही चालतं. या वडिलांनी त्यांचा त्यांनी शोधला. पोराच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. भावकीत त्यांनी सांगितलं, डोळ्याच्या डॉक्टरनंच ताण कमी करा म्हणून सांगितलंय. मी त्यांना अडवलं नाही. राजाला कौल चालतो, तर शेतकऱ्याला चष्मा का नको?

तेव्हा ‘किती वेळ वाचतो’ यावर पुस्तक हिसकावू नका. कोणतं पान, कोणता माणूस, हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत फोन बाजूला ठेवा. झोपेची वेळ मात्र ठरवून द्या, तिथं मी कडक आहे. काळजी कधी करायची तेही सांगते. मूल मुक्या जनावरांना छळत असेल, जेवणझोप पार मोडली असेल, आवडीचं पुस्तकही टाकून दिलं असेल किंवा मरणाबद्दल बोलत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडं जा. सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा नंबर रात्रंदिवस चालू असतो.

बापलेक मध्यंतरी तेरला जाऊन आले. गोरोबाकाकांच्या दर्शनाला वडील दरवर्षीच जातात, पण गावातल्या लामतुरे संग्रहालयात पाय ठेवला नव्हता. सातवाहनांच्या काळात याच तेरचा रोमशी व्यापार होता, हे मुलानं त्यांना आतल्या वस्तू दाखवत सांगितलं. “मास्तरवानी बोलत होता,” वडील मला म्हणाले. तक्रार होती की कौतुक, कळलं नाही.

ट्यूशन सुटली, कॉलेज चालू आहे, बारावीनंतर इतिहास घ्यायचं त्याच्या मनात आहे. फिजिक्स अजून जमत नाही. ते माझ्या खात्यात येत नाही.