एकच चावी उरली आहे, ताई!

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी आम्ही वापरलेली गाडी घेतली. आधीच्या मालकांनी एकच चावी दिली. दुसरी ‘सापडली की देतो’ म्हणाले, ती अजून सापडतेच आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारलं, तर आकडा ऐकून मी फोनच ठेवला. चावीवाला म्हणतो, अर्ध्या तासात करून देतो. ऑनलाइन तर हुबेहूब तशीच चावी किरकोळ पैशांत दिसते. एवढा फरक कशाचा? आणि स्वस्तात नीट चावी होते का?

उत्तर : होते. पण त्या ‘सापडतेच आहे’वर मी पैशांच्या आधी अडकले. ती चावी जिथे कुठे असेल, तिथून ती आजही तुमची गाडी सुरू करू शकते. ते लक्षात ठेवा, पुढे त्यावर येतेच.

आमच्या वर्कशॉपमध्ये कानस ह्यांच्या हातात असायची आणि लॅपटॉप माझ्या. चिपच्या चाव्या आल्या तेव्हा हे म्हणाले, ‘चावीला कसला आलाय कॉम्प्युटर!’ म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. त्या अनुभवावरून सांगते : तुम्ही जिला एक चावी म्हणता, त्या तीन वस्तू असतात. पहिलं धातूचं पातं. ते कुलूप फिरवतं, बस. दुसरी चिप, चावीच्या डोक्यात बसवलेली, कधी कधी तांदळाच्या दाण्याएवढी. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी फिरवली की ते १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतं, त्या ऊर्जेवर चिप जागी होते आणि उत्तर देते. उत्तर पटलं तरच इंजिन चालू राहतं. हाच इमोबिलायझर. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला आणि तिथून चावी ही नुसती लोहारकामाची गोष्ट राहिली नाही. तिसरी वस्तू रिमोटची पाटी, म्हणजे दारं उघडणारी बटणं. ती वेगळ्याच लहरींवर बोलते, ३१५ किंवा ४३३ मेगाहर्ट्झ, आणि सेल लागतो तो हिला. रिमोटचा सेल संपला म्हणून गाडी सुरू होणार नाही असं समजून टोइंगवाल्याला बोलावणारे मी पाहिलेत. पात्याच्या चावीच्या गाडीत चिपला त्या सेलशी काही देणंघेणं नसतं.

आता पैसे. पातं स्वस्त, साधी चिप स्वस्त. महाग दोनच गोष्टी : रिमोट आणि ओळख. ओळख म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला ‘ही आपली माणसं’ असं सांगायचं काम. त्याला मशीन लागतं, त्या मॉडेलचा कोड लागतो आणि चुकलं तर निस्तरणारा माणूस लागतो. सर्व्हिस सेंटर बहुधा हे सगळं एकाच बिलात बांधून देतं, रिमोट हवा असो वा नसो. बाहेरचा चांगला चावीवाला सुटं करून देतो. तुमची बचत तिथेच आहे. दुसरी चावी कपाटात पडून राहणार असेल, तर बटणांचा मोह सोडा आणि बिनरिमोटची चिपवाली चावी करून घ्या. दार हाताने उघडायचं, गाडी रोजच्यासारखी सुरू होते. रिमोट हा माझ्या लेखी चैनीचा भाग आहे. चैन जरूर करा, पण ती गरज म्हणून कुणी तुमच्या गळ्यात मारू नये.

पातं कापण्यात एक गोम आहे. तुमची चावी जुनी, म्हणजे झिजलेली. तिच्यावरून सरळ नक्कल काढली तर तिची झीजही नकलेत उतरते, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखी. जुनी अडकत-अडकत का होईना फिरते, नवी मात्र कधी कधी अजिबात फिरत नाही. म्हणून चावीवाल्याला म्हणा, खाचांची खोली मोजून मूळ मापाने कापा. नव्या गाडीबरोबर चाव्यांच्या जुडग्याला धातूची किंवा प्लॅस्टिकची एक बारीक पट्टी येते, तिच्यावर नंबर असतो. आधीच्या मालकांकडे चावी नाही तर निदान ती पट्टी मागा. तिच्यावरून नव्यासारखी चावी कापता येते. तुमच्या चावीला कडेला दाते नसून मधोमध नागमोडी खोबण असेल, तर साध्या मशीनवर ती होत नाही. खोबण कोरणारं, म्हणजे मिलिंगचं मशीन आहे का, हे फोनवरच विचारा.

मग चिप. इथे दोन रस्ते आहेत आणि चावीवाले नेमकं हेच सांगत नाहीत. एक, जुन्या चिपची हुबेहूब नक्कल. गाडीला हात लागत नाही, ती दोन्ही चाव्यांना एकच समजते. झटपट आणि स्वस्त. सगळ्या चिपांची नक्कल होत नाही. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी, आरएसए लॅबोरेटरीज या माहिती-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या लोकांबरोबर, ४० बिटांचा गुप्त आकडा हीच किल्ली असलेल्या एका प्रसिद्ध चिपचं कोडं फोडून दाखवलं होतं. जुन्या चिपा अशा हळूहळू उघड्या पडत गेल्या, नव्या जास्त हट्टी आहेत. दुसरा रस्ता, डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला मशीन लावून नवी चावी गाडीच्या यादीत चढवायची. तुमच्यासाठी मी हाच सांगेन, थोडे पैसे जास्त गेले तरी. कारण यादी उघडली की जुन्या चाव्या पुसता येतात. ती ‘सापडतेच आहे’वाली चावी त्यातून बाद होते. दार ती उघडेल, इंजिन मात्र तिला ओळख देणार नाही. नक्कल केलीत तर हे साधत नाही.

यादी पुसताना मी एकदा घोळ घातला. एका गृहस्थांनी गाडी आणि एक चावी आणली, मी सगळं पुसून नवी-जुनी अशा दोन चढवल्या आणि खुशीत पैसे घेतले. तिसरी चावी त्यांच्या पत्नीच्या पर्समध्ये होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई ऑफिसला निघाल्या आणि गाडी जागची हलेना. त्या आल्या तेव्हा हे बरोब्बर चहा आणायला बाहेर गेले. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न : घरात आणखी कितीही चाव्या असोत, सगळ्या आणल्यात का?

दुसरा घोळ बॅटरीचा. प्रोग्रामिंग चालू असताना इग्निशन चालू ठेवावं लागतं, काही गाड्या तर मध्येच दहा मिनिटं नुसतं थांबायला लावतात. बॅटरी आधीच दमलेली असेल तर काम अर्ध्यावर असतानाच व्होल्टेज पडतं आणि कॉम्प्युटर गोंधळतो. अशी एक गाडी मी दिवसभर माणसात आणत बसले होते. तुमची बॅटरी सकाळी सेल्फ मारताना कण्हत असेल, तर आधी ती चार्ज करा, मग चावीचं बघा.

ऑनलाइनची हुबेहूब चावी? बटणं सारखी म्हणजे आतला जीव सारखा नव्हे. चिपचा प्रकार आणि रिमोटची फ्रिक्वेन्सी दोन्ही जुळायला हवी. सुटी नवी चिप-चावी चालू शकते, पण घेण्याआधी चावीवाल्याला भाग क्रमांक दाखवा आणि ‘मी आणलेली चढवून द्याल का’ हेही विचारा. काहीजण आपल्याच मालाची हमी देतात, त्यात गैर काही नाही. वापरलेली स्मार्ट चावी, म्हणजे खिशात ठेवून बटण दाबलं की गाडी सुरू होते ती, मात्र टाळा. पुष्कळ स्मार्ट चाव्या पहिल्या गाडीशी जन्माची गाठ बांधून घेतात, दुसरीकडे नांदत नाहीत.

काही गाड्यांना दोन चालू चाव्या असतील तर मालक स्वतःच, मशीनशिवाय, तिसरी चढवू शकतो. मालकाच्या पुस्तिकेत क्रम दिलेला असतो. तुमच्याकडे एकच आहे, त्यामुळे तूर्त तुम्हाला हे दार बंद. तरी पुस्तिका एकदा बघा. तशी सोय असेल तर आज दुसरी झाली की पुढची चढवायला जवळजवळ फुकट. आणि हातातली एकुलती हरवली, तर नक्कल करायला काही उरत नाही. गाडी उचलून न्यावी लागते, कधी कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, काढून त्याच्या मेमरीतून कोड वाचावा लागतो. चावीचं बिल खरं फुगतं ते तेव्हा.

चावीवाल्याने गाडीची कागदपत्रं आणि तुमचं ओळखपत्र मागितलं तर रागावू नका. न मागणाऱ्याकडे मी माझी गाडी देणार नाही. पैसे देण्याआधी नव्या चावीने दार, डिकी, पेट्रोलचं झाकण, सगळी कुलपं फिरवून बघा. गाडी सुरू करा, बंद करा, पाच मिनिटं थांबून परत सुरू करा. आणि हे करताना जुनी चावी त्याच जुडग्यात ठेवू नका. शेजारच्या चिपमुळे गाडी कधी सुरू होईल, कधी अडेल, आणि तुम्ही चावीवाल्याला शिव्या द्याल.

प्रश्न : नवी चावी करून आणली. दार उघडतं, इंजिन लागतं, पण दोन सेकंदांत बंद पडतं. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकतं. चावीवाला म्हणतो, गाडीतच दोष आहे.

उत्तर : जुन्या चावीने गाडी नीट चालते ना? मग गाडी शहाणी आहे. तिने अनोळखी चावीला घरात घेतलं नाही, एवढंच. आत चिप नाही किंवा ती चढवलेली नाही. कुणी सुचवेल की जुनी चिप इग्निशनजवळ कायमची चिकटवून टाकू, मग कुठलीही चावी चालेल. तसं करू नका. मग चोरालाही कुठलीही चावी चालेल. चिप चढवून घ्यायची नसेल तर ही चावी दार उघडण्यापुरती ठेवा, घरच्यांपैकी कुणाकडे तरी. गाडी आत चावी ठेवून लॉक झाली तर हिची किंमत कळते. फक्त रिमोटने बंद केलेलं दार चावीने उघडलं तर काही गाड्यांचा अलार्म कोकलतो, तेवढी तयारी ठेवा.

प्रश्न : चावीचं कवच तुटलंय, एक बटण आत गेलंय. बाकी सगळं चालतं. नवीन चावीच घ्यावी लागेल का?

उत्तर : नाही. नुसतं रिकामं कवच मिळतं. रिमोटची पाटी उचलून नव्यात ठेवायची. पातं बहुधा एका बारीक पिनेवर बसलेलं असतं, पिन ठोकून काढली की तेही तसंच हलवता येतं, कापायचा खर्च नाही. घोटाळा होतो तो चिपचा. ती पाटीवर असेलच असं नाही. बऱ्याच चाव्यांत ती कवचाच्या कोपऱ्यातल्या खाचेत सुटी बसवलेली असते, काळी किंवा काचेची, आणि प्लॅस्टिकचा तुकडा समजून लोक टाकून देतात. नव्या कवचातल्या चावीने गाडी दोनदा सुरू होईपर्यंत जुनं कवच कचऱ्यात टाकू नका.