विद्यापीठाला जनसंपर्क कार्यालय कशाला लागतं?

तुमचा प्रश्न असा : विद्यापीठ काही साबण विकत नाही, मग जनसंपर्क कार्यालय कशाला? कुलगुरूंचे फोटो छापून आणायला? आणि तिथे जागा निघाली आहे, तर अर्ज करावा का?

फोटोही छापून आणावे लागतात, नाही कशाला म्हणू. अशा कार्यालयात मी नोकरी केली आहे. सत्कार-उद्घाटनाच्या प्रेसनोटा ढिगाने लिहिल्या. त्या हातासरशी होतात. वेळ जातो तो घरच्याच माणसांशी हुज्जत घालण्यात.

औषधाचा प्रयोग झालेला असतो उंदरांवर आणि विभागप्रमुखांना मथळा हवा असतो ‘दुर्धर आजारावर इलाज सापडला’. संशोधक मनातून अवघडलेला, पण साहेबांपुढे बोलणार कोण? ‘उंदरांमध्ये’ हा शब्द मथळ्यात ठेवायला लावायचं काम आपलं. एरवी आपण पत्रकारांना नावं ठेवतो, पण 2014 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या 20 विद्यापीठांची 462 प्रसिद्धिपत्रकं तपासली होती. प्राण्यांवरचे निष्कर्ष पत्रकातच फुगवून माणसांना लावलेले असले, तर 86 टक्के बातम्यांतही तीच अतिशयोक्ती उतरली; पत्रक सरळ असेल तिथे फक्त 10 टक्के. म्हणजे पाणी मुळातच गढूळ. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने तर 23 मार्च 1989 रोजी ‘कोल्ड फ्यूजन’ची, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं जुळवून ऊर्जा मिळवल्याची, घोषणा थेट पत्रकार परिषदेत केली, शोधनिबंध छापून यायच्या आधी. बाकीच्या प्रयोगशाळांना तो प्रयोग काही जमेना आणि विद्यापीठाची शोभा झाली.

दुसरी कसोटी पेपर फुटतो त्या दिवशी. व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा सुसाट, आणि परीक्षा विभागाचं परिपत्रक म्हणतं, ‘अपरिहार्य कारणास्तव’. विद्यार्थ्याला हवं असतं एवढंच : कोणता पेपर रद्द, नवी तारीख कधी कळणार, चौकशी कोण करतंय. या तीन ओळी लिहायला दहा मिनिटं पुरतात. सही मिळेपर्यंत संध्याकाळ होते. तोवर चॅनेलवाले गेटवर, आणि बाइट द्यायला कुणी तयार नाही.

म्हणून मुलाखतीत पगाराआधी हे विचारा : निर्णयाच्या बैठकीत जनसंपर्क अधिकारी बसतो का, की सगळं ठरल्यावर त्याला फक्त मजकूर धाडतात? बसत असेल तर बिनधास्त अर्ज करा. नसेल तर ती पोस्टमनकी आहे, आणि शिव्या मात्र तुमच्या वाट्याला.