शब्द पाठ आहेत, तरी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही

“सर, वाचलेलं कळतंय, व्याकरणबी येतंय, पण समोरचा बोलायला लागला की काही सुचंनाच गेलंय.” थोड्याफार फरकानं हे वाक्य माझ्याकडे सारखं येतं. नर्सिंगच्या मुली, बँकेत नव्यानं लागलेली पोरं, पुण्याला इंटरव्ह्यू देऊन हिरमुसून परतलेले इंजिनिअर. त्यांतलीच एक केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा केज तालुक्यातला. मराठी शाळा, मग पॉलिटेक्निक, मग वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी. कामात इतका तरबेज, की वरिष्ठांनी त्याला शिफ्टचा सुपरवायझर करायचं ठरवलं. हा ‘नको’ म्हणाला. वडिलांना फोनवर सांगितलं, पगारात काही फरक नाही, उगी ताप. खरं कारण बायकोला ठाऊक होतं, तीच घेऊन आली. “ह्यांना रात्रीची झोप न्हाई. झोपेतबी इंग्रजीच पुटपुटायलेत.”

कारण होतं एक व्हॉट्सॲप मेसेज. रात्री ग्रुपवर आलं होतं: ‘कस्टमर हॅज कॉल्ड ऑफ टुमॉरोज व्हिजिट.’ यानं अर्थ लावला की कस्टमरचा फोन आला होता, उद्या व्हिजिट आहे. सकाळी लवकर जाऊन लाइन धुवून घेतली, जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्यानं मारून घेतले, पोरांना नवे हातमोजे वाटले आणि इस्त्रीचा शर्ट घालून दुपारपर्यंत गेटकडे बघत राहिला. ‘कॉल्ड ऑफ’ म्हणजे रद्द केली; व्हिजिट तर रद्द झाली होती. मीटिंगमध्ये सगळे हसले. तेव्हापासून याचं तोंड बंद.

पुढच्या भेटीला त्यानं वही आणली. लाल शाईनं आखलेले तीन रकाने: शब्द, उच्चार, अर्थ. अक्षर मोत्यासारखं. ‘अबॅन्डन – सोडून देणे’पासून सुरुवात आणि ‘सी’वर संपलेली. अशा वह्या घरी आणखी होत्या, सगळ्या ‘सी’पर्यंतच. दर वेळी खंड पडला की हा पुन्हा ‘ए’पासून सुरू करायचा. शेवटच्या भरलेल्या पानांवर ‘कॅन्सल’ होता, अर्थासकट. मी त्यावर बोट ठेवलं, तर तो वैतागून म्हणाला, “सर, त्यांनी सरळ कॅन्सल म्हणायला काय हरकत होती?”

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं हा इंग्रजी शिकलाय. पण पुस्तकांतून आणि स्पर्धा परीक्षांतून आपल्या वाट्याला जास्त येते ती ठेवणीतली इंग्रजी. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर बराच काळ दरबारात आणि कोर्टकचेरीत फ्रेंच चालली, विद्वानांची भाषा लॅटिन. इन्व्हेस्टिगेट, पोस्टपोन, टॉलरेट असे लांबलचक शब्द मुळात लॅटिनचे. सामान्य माणसाच्या तोंडी मात्र जुने आखूड शब्दच राहिले आणि त्याच अर्थांच्या त्यांच्या जोड्या जमल्या, अनुक्रमे: लुक इन्टू, पुट ऑफ, पुट अप विथ. आपण अवघड ते आधी शिकतो आणि ‘पुट’, ‘गेट’ येतातच म्हणून सोडून देतो. नेमके तेच मीटिंगमध्ये नडतात.

‘जोडीतल्या शब्दांचा अर्थ जोडीला का लागत नाही?’ हा त्याचा दुसरा राग. मी विचारलं, आपण ‘विसरून गेलो’ म्हणतो तेव्हा जातो कुठे? ‘पैसे देऊन टाक’ म्हणताना फेकायला सांगतो का? तो हसला. माझ्या खोलीत पहिल्यांदाच.

मग मी त्याला आदल्या शिफ्टचा अहवाल त्याच्या रोजच्या बोलीत द्यायला सांगितला. गडी धडाधड बोलला: “दुपारी ब्रेकडाउन झालं, लाइन शटडाउन केली, नवा सेटअप लावला, नाइटवाल्याला हॅन्डओव्हर दिला.” ही चारही नावं तसल्याच जोड्यांपासून झालेली. वहीच्या कोऱ्या पानावर त्यालाच लिहायला लावली. ‘द मशीन ब्रोक डाउन. आय हॅन्डेड ओव्हर टु नाइट शिफ्ट.’ येत नाही म्हणणाऱ्याचं अर्धं पान भरलं.

पुढचं काम साधं होतं. आठवड्याला तीन-चारच जोड्या, त्याही स्वतःच्या कामाच्या ग्रुपवर आलेल्या. अर्थाचा रकाना बंद. मेसेजमधलं मूळ वाक्य आणि खाली कालच्या शिफ्टवरचं आपलं एक वाक्य. ‘लुक’च्या दहा जोड्या एका बैठकीत घोकायच्या नाहीत. सारखे दिसणारे शब्द एकत्र पाठ केले की एकमेकांत कालवतात आणि ऐन वेळी लुक फॉर की लुक आफ्टर, काहीच आठवत नाही. शक्यतो ‘इट’ घालून वाक्य करायचं, कारण ‘पुट इट ऑफ’मध्ये ते मध्ये घुसतं आणि ‘लुक इन्टू इट’मध्ये शेवटी बसतं. नियम शोधत बसण्यापेक्षा तोंडाला वळण लागलेलं बरं. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं पान झाकून आठवायचं, नुसतं वाचायचं नाही. पाठ केलेलं सुरुवातीलाच सगळ्यात झपाट्यानं विसरतं, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच दाखवलंय.

खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. ऐकलेली जोडी कळली नाही, तर आपल्या वहीतला मोठा शब्द घालून उलट विचारायचं: ‘सो, द व्हिजिट इज कॅन्सल्ड, सर?’ बरोबर असेल तर समोरचा ‘येस’ म्हणतो, चुकलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करतो. उलट विचारणारा सुपरवायझर अडाणी दिसत नाही, काळजीपूर्वक काम करणारा दिसतो. आम्ही हे खोलीत बसून केलं. मी परप्रांतीय मॅनेजर, भरभर बोलणारा, आणि तो मला मध्येच थांबवणारा. थांबवायला त्याला फार जड गेलं. भाषेपेक्षा ही भीड मोठी होती आणि ती वहीनं जात नाही, मुद्दाम थांबवून बघितल्यावरच जाते.

एक उपाय मात्र मी बंद करायला लावला. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यानं घरात फक्त इंग्रजी बोलायचा नेम केला होता. बायको म्हणाली, “घरात कुणी कुणाशी बोलंनाच गेलं. लेकरू रडायला लागलं.”

त्यानं पद घेतलं. फोनवर अजून अडखळतो आणि मोठी मेल पाठवायच्या आधी बायकोला वाचायला देतो. ती बी.ए. आहे, चुका काढते आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. वडिलांना त्यानं खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, “मग आधीच बोलायचं की लेकरा.”

‘नव्वद दिवसांत फाडफाड इंग्रजी’चा क्लास लावू का, असं पालक विचारतात. लावा, पण फी भरायच्या आधी एक दिवस मुलाला तिथे बसवा आणि तासाभरात सर किती बोलले, मुलं किती बोलली, एवढंच बघायला सांगा.