नागपुरात हॉस्टेलवर मैत्रिणीला वजनावरून सतत चिडवतात. ही रॅगिंग धरतात का?

होय, धरतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगविरोधी नियमांत 2016 च्या दुरुस्तीने दिसण्यावरून होणारा मानसिक छळ आणि एकटं पाडणंही आलं. चिडवणारी सीनियर असो की वर्गातली. ग्रुपवरचे ‘मोटी’छाप मेसेज डिलीट व्हायच्या आत तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या, कॉलेजच्या अँटी-रॅगिंग समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच मागाच (तोंडी तक्रार ‘समज देतो’वर विरते). दाद लागली नाही तर अँटी-रॅगिंग हेल्पलाइन, 1800-180-5522. मात्र ती मेसचं जेवण टाळत असेल, जेवून मुद्दाम उलटी काढत असेल किंवा पाळीच थांबली असेल, तर अर्ज नंतर. आधी मेडिकलची (नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेज रुग्णालयाची) मानसोपचार ओपीडी. रात्री-बेरात्री टेलि-मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन), 14416: मोफत, मराठीतही बोलतात.