पीएफ काढून गृहकर्जात भरू का?

ताई, तुम्ही सगळे आकडे लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. आधी इतर वाचकांसाठी तुमची परिस्थिती थोडक्यात सांगते. चिंचवडला राहणारं चौघांचं घर. यजमान 43 वर्षांचे, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात 11 वर्षं सुपरवायझर होते. लाइन बंद झाली, नोकरी गेली. हातात 58 हजार यायचे, आता एका गोदामात 27 हजारांवर लागलेत. तुमचे शाळेतले 16 हजार धरून घरात 43 हजार येतात. हप्ते असे: गृहकर्ज 21,950, पर्सनल लोन 11,250, स्कूटर 3,100 आणि क्रेडिट कार्डावर कसेबसे 6,000. एकूण 42,300. किराणा, दूध, मेंटेनन्स, वीज, फी, पेट्रोल मिळून घराला साडेएकवीस हजार लागतात. म्हणजे महिन्याला 20,800 कमी पडतात आणि ते ग्रॅच्युइटीतून जातायत. ग्रॅच्युइटीचे 90 हजार उरलेत.

तुमचा प्रश्न: यजमानांच्या पीएफमध्ये 8,40,000 आहेत, त्यातले 8 लाख काढून 19 लाखांच्या गृहकर्जात भरावेत का? सासूबाईंचं म्हणणं, सोनं मोडू नका, तारण ठेवा. आणि एक एजंट गृहकर्ज सोडून बाकीची कर्जं एकात गुंडाळून द्यायला तयार आहे.

पीएफ गृहकर्जात भरू नका. तुम्हाला आज एकूण कर्जाचा आकडा घाबरवतोय आणि 19 लाख सगळ्यांत मोठे दिसतात, म्हणून हात तिकडे वळतोय. पण घर अडलंय ते महिन्याच्या तुटीवर. त्यामुळे प्रत्येक कर्जाला एकच प्रश्न विचारा: याच्यात हजार रुपये टाकले, तर दरमहा माझे किती रुपये सुटतील?

स्कूटरचे सात हप्ते राहिलेत, साधारण 21 हजार. ते भरले की 3,100 सुटतात, म्हणजे हजारामागे जवळपास 148 रुपये. कार्डाचे 1,20,000 भरले की 6,000 सुटतात, हजारामागे 50. पर्सनल लोनचे 2,80,000 भरले तर 11,250, हजारामागे 40. आणि गृहकर्जात 8 लाख ओतून हप्ता नव्याने बांधून घेतला, तर तो 12,700 वर येतो. सुटले सव्वानऊ हजार, हजारामागे साडेअकरा रुपये. तेही हप्ता कमी करून मागितला तर. बऱ्याच ठिकाणी न सांगता मुदत कमी करतात आणि हप्ता तोच ठेवतात. तसं झालं तर 8 लाख जाऊनही पुढच्या महिन्यात तुम्हाला तितकेच रुपये कमी पडतील.

व्याजाचं गणितही बघा. तुमच्या गृहकर्जाचा दर 8.25 टक्के आहे. पीएफवर 2024-25 साठी मिळालेलं व्याजही 8.25 टक्केच. म्हणजे इकडचं उचलून तिकडे टाकण्यात काहीच सुटत नाही. उलट त्या 8,40,000 ला हात लावला नाही आणि दर असाच राहिला, तर यजमान 58 वर्षांचे होतील तेव्हा ते साडेसत्तावीस लाखांच्या पुढे गेलेले असतील. शिवाय पीएफच्या रकमेवर कुठल्याही देणेकऱ्याला जप्ती आणता येत नाही, कायद्याने तिला संरक्षण आहे. वाईटात वाईट वेळ आली तरी तेवढी रक्कम तुमची राहते. आणखी एक: नव्या पगारपत्रकावर पीएफची कपात दिसत असेल, तर 'नोकरी गेली' या कारणावर खातं रिकामं करता येणारच नाही. जुनं खातं त्याच यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) नव्याकडे वर्ग करायचं. अडीअडचणीला आगाऊ रक्कम मिळते, तिचा विचार पुढे केलाय.

आता कार्ड. तुमच्या बिलावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे. 1,20,000 वर ते 4,200 होतं, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास 4,950. तुम्ही पोटाला चिमटा काढून भरताय ते 6,000, त्यातले मुद्दलात जातात जेमतेम हजार. आणि जुनी बाकी राहिल्यामुळे नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दुकानात कार्ड घासलं त्या दिवसापासून मीटर सुरू होतं. हे कर्ज या महिन्यातच संपवायला हवं.

त्यासाठी पैसे कुठून, तर तुमच्या अडीच तोळ्यांच्या पाटल्या. सराफाने घट धरून 2,60,000 सांगितलेत. सासूबाईंचा जीव तुटतो, तो मला समजतो. त्यांच्या पिढीने सोनं मोडणं म्हणजे घर बसलं असं मानलं आणि त्यांनी जपलं म्हणूनच ते आज तुमच्या हाताशी आहे. पण तारणाचा हिशेब त्यांच्यासमोर मांडून बघा. सोनेतारण कर्ज बहुधा वर्षाने मुद्दल-व्याजासकट एकदम फेडायचं असतं. वर्षानंतर दीड लाख आणाल कुठून? यजमानांना तीन-चार महिन्यांत जुन्या पगाराची नोकरी मिळेल असं नेमणूकपत्र हातात असतं, तर मी स्वतः तारण ठेवा म्हटलं असतं. तसं काही नाही. अशा वेळी तारण म्हणजे वर्षभराचं व्याज भरून केलेली विक्रीच. मंगळसूत्र आणि बाकीचं सोनं राहू दे, फक्त पाटल्या मोडा.

विकताना घाई नको. दोन-तीन सराफांकडे जा, वजन तुमच्यासमोर करून घ्या. जुन्या पाटल्यांत लाख (राळ) भरलेली असेल तर ती वेगळी काढून निव्वळ सोन्याचं वजन करायला सांगा. कॅरेट मशिनवर तपासून मागा आणि घट किती टक्के धरली ते पावतीवर लिहून घ्या. रक्कम खात्यातच घ्या. 2 लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्याने चालत नाही. पावती तुमच्या नावाची हवी, यजमानांच्या नव्हे. यामागे कारण आहे. पाटल्या तुमच्या लग्नातल्या, म्हणजे नफा दीर्घ मुदतीचा. तुमचा वर्षाचा पगार 1,92,000. त्यातून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की उरतात 1,17,000. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही आणि उरलेली मर्यादा या नफ्याला वापरता येते. तुमचं दुसरं उत्पन्न नसेल, तर पाटल्यांची मूळ किंमत शून्य धरली तरी कर लागत नाही. विवरणपत्रात मात्र दाखवा.

2,60,000 मधून 1,20,000 कार्डाला. भरण्याआधी त्या तारखेपर्यंतची अखेरची रक्कम लेखी मागवा. कुणी फोनवर 'ऐंशी हजारांत सेटलमेंट करून देतो' म्हणाला तर नको म्हणा. क्रेडिट अहवालावर 'सेटल्ड' असा शेरा बसतो आणि पुढची कित्येक वर्षं आड येतो. पूर्ण भरून, बाकी नसल्याचं पत्र घेऊन कार्ड बंदच करून टाका. अर्ज केल्यावर सात कामकाजी दिवसांत ते बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे. मग 21 हजार स्कूटरला. उरले 1,19,000.

ते पर्सनल लोनमध्ये एकरकमी भरा, आणि इथे बँकेशी बोलणं महत्त्वाचं आहे. 1,61,000 मुद्दल उरेल. चार वर्षांची मुदत बांधून मिळाली तर हप्ता साडेचार हजारांच्या आसपास येतो. मुदत आहे तीच ठेवली तर साडेसहा हजार. काही बँका अशा मध्येच भरलेल्या रकमेवर शुल्क घेतात, काही ठिकाणी मर्यादा असते. तुमचा करार काढून बघा. दोन्हीला नकारच आला, तर त्या 1,61,000 पुरती पीएफची आगाऊ रक्कम काढून हे लोन संपवा. लोनचे 15 टक्के वाचवण्यासाठी पीएफचे 8.25 टक्के सोडणं परवडतं.

गृहकर्जाला पैसे नकोत, मुदत हवी. 11 वर्षं राहिलीत, ती 17 करून मागा. हप्ता 17,350 वर येईल, महिन्याला 4,600 वाचतील. याची किंमतही सांगते: सहा वर्षं जास्त भरल्यामुळे एकूण व्याज सुमारे सहा लाख चाळीस हजारांनी वाढतं. रक्कम मोठी आहे. तरी घ्या, कारण हप्ते थकले तर त्याहून महाग पडेल. 90 दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होतं. त्यानंतर सरफेसी कायद्याची (ज्याखाली बँक तारण घर ताब्यात घेऊ शकते) 60 दिवसांची नोटीस येऊ शकते आणि मग बोलणी बँकेच्या अटींवर होतात. अजून गृहकर्जाचा तुमचा एकही हप्ता चुकलेला नाही, हीच तुमची बाजू आहे. नोकरी गेल्याचं पत्र, नवं पगारपत्रक आणि सहा महिन्यांचं खातेपुस्तक घेऊन दोघंही जा. कर्ज दोघांच्या नावावर आहे. तोंडी बोलू नका, अर्ज द्या, पोच घ्या. अशी सवलत क्रेडिट अहवालात नोंदवली जाऊ शकते, ते मान्य करून जा. त्याच भेटीत दराचंही विचारा. 2025 मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) 6.50 वरून 5.25 वर आला. तुमचा दर त्या मानाने का उतरला नाही? अर्धा टक्का जरी कमी झाला तरी हप्ता साडेपाचशे रुपयांनी आणखी उतरेल.

हे सगळं जमलं तर हप्ते होतात 21,850 आणि घराला उरतात 21,150. तीन-साडेतीनशेची ओढाताण राहते, दराने ती मिटू शकते. ग्रॅच्युइटीचे 90 हजार जसेच्या तसे राहतात, ते मोडू नका. दहावीतल्या लेकीचा क्लास बंद करायचा विचार तुम्ही लिहिलाय, तो सोडून द्या.

एजंटचं 5 लाखांचं कर्ज: 18 टक्के, सहा वर्षं, हप्ता 11,400. आजच्या 20,350 पुढे हे कमी वाटतं, म्हणून भुरळ पडणार. पण 4,21,000 च्या देण्यापायी तुम्ही 8,21,000 भरणार, 15 टक्क्यांचं लोन 18 वर नेणार आणि सात महिन्यांत संपणारी स्कूटर सहा वर्षं फेडत बसणार. नको.

वसुलीचे फोन शाळेत येतात म्हणालात. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, चारचौघांत अपमान करायलाही. तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

कंपनीबरोबर तिचा मेडिक्लेमही गेला, याकडे तुमच्या पत्रात लक्ष गेलेलं दिसलं नाही. तुमची शाळा ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर कुटुंबाला तिथे उपचार मिळतात, पगारपत्रक बघा. पांढरं रेशन कार्ड असलं तरी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार होतात. कार्डं आत्ताच काढून ठेवा. 17 वर्षांचं कर्ज डोक्यावर असताना यजमानांचा साधा मुदत विमाही हवा. पहिली पगारवाढ त्यात घाला.

राहिले दिरांकडून उसने घेतलेले 80 हजार. ते मागत नाहीत म्हणून तुम्ही दोघं त्यांना टाळताय. या रविवारी जाऊन भेटा आणि स्पष्ट सांगा की स्कूटर आणि कार्ड आधी फेडतोय, वर्षभर तुमचं देता येणार नाही, त्यानंतर दरमहा दोन हजार देऊ. वहीवर लिहून दोघांनी सह्या करा.