आयर्लंडच्या कॅसलमध्ये मराठी लग्न : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : मुलीचं लग्न पुढच्या जूनमध्ये आयर्लंडमधल्या एका जुन्या कॅसलमध्ये करायचं घाटतंय. भटजी मुंबईहूनच नेणार आहोत. तिथे सप्तपदी झाली की लग्न कायदेशीर झालं असं धरायचं का? (विलेपार्ले)

उत्तर : तसं धरू नका. हॉल, जेवण, फोटोग्राफर यांपैकी काहीही ठरवण्याआधी याचाच निकाल लावा. कायद्याने लग्न आयर्लंडमध्ये लावायचं की मुंबईत, हे पक्कं झाल्याशिवाय व्हिसाचा अर्जसुद्धा नीट भरता येत नाही.

आयर्लंडमध्ये लावायचं असेल तर तिथल्या विवाह निबंधकाकडे लग्नाच्या तारखेच्या किमान 3 महिने आधी नोटीस पोचली पाहिजे. तिची फी 200 युरो. परदेशात राहणाऱ्यांना परवानगी घेऊन नोटीस टपालाने पाठवता येते, पण लग्नाच्या किमान 5 दिवस आधी वधू-वर दोघांनीही निबंधकासमोर प्रत्यक्ष हजर राहावं लागतं. मध्ये शनिवार-रविवार येतात, त्यामुळे नवरा-नवरीने दहा-बारा दिवस आधीच पोचलेलं बरं. सोबत पासपोर्ट आणि जन्मदाखला लागतो. मुंबई महापालिकेच्या जन्मदाखल्यावर आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि त्यावर परराष्ट्र मंत्रालयाची अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारी मोहोर, घ्या. आधी घटस्फोट झालेला असेल तर त्याचा हुकूमनामाही लागेल. सगळं जागेवर असलं की निबंधक विवाह नोंदणीचा फॉर्म देतात. हा फॉर्म हातात नसेल तर लग्न लागत नाही.

लग्न लावणाऱ्याचं नाव आयर्लंडच्या अधिकृत नोंदवहीत असावं लागतं. इथून नेलेल्या भटजींचं नाव तिथे नसणार, त्यामुळे त्यांनी सांगितलेले विधी धर्माने पूर्ण झाले तरी आयर्लंडच्या कायद्याच्या दृष्टीने ते लग्न नव्हे. नोंदवहीतल्या अधिकाऱ्यासमोर, 18 वर्षांवरच्या दोन साक्षीदारांसमक्ष दोघांनी ठरावीक घोषणा कराव्या लागतात आणि लगेच सह्या. सही केलेला फॉर्म महिन्याच्या आत निबंधकाकडे परत जायला हवा. लग्नाच्या गडबडीत तो कुणाच्या तरी बॅगेत मुंबईला येतो आणि मग दाखला अडकतो. तिथे मागे राहणाऱ्या एका नातेवाइकाला हे एकच काम सोपवा. सरकारी निबंधकाकडून लग्न लावून घेणार असाल तर तो सोमवार ते शुक्रवारच येतो, आणि जागाही त्याच्या पसंतीला उतरावी लागते.

दुसरी वाट म्हणजे निघण्याआधी मुंबईतच 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची. नोटीस दिल्यावर 30 दिवस थांबायचं, मग 3 साक्षीदारांसमोर सह्या. त्यानंतर कॅसलमध्ये निवांतपणे फक्त विधी करायचे. दोघंही भारतातच राहणार असतील तर आम्ही हीच वाट सुचवतो.

दोन्ही मात्र कधीच करू नका. ‘असू दे हाताशी’ म्हणून मुंबईत नोंदणी करायची आणि पुन्हा आयर्लंडमध्ये ‘लग्नाला कायदेशीर अडथळा नाही’ या घोषणेवर सही करायची, ही सरळसरळ खोटी घोषणा ठरते. मुंबईत नोंदणी झाली असेल तर आयर्लंडमध्ये नोटीस देऊच नका आणि कॅसलवाल्यांना स्वच्छ सांगा, की आमच्याकडे फक्त धार्मिक समारंभ आहे. नोंदणीनंतर लगेच पासपोर्टवरचं नावही बदलू नका. तिकीट एका नावाचं आणि व्हिसा दुसऱ्या, असं झालं की विमानतळावर रडायची वेळ येते.

प्रश्न : होम कॅसलच्या मोठ्या दालनात करू देतात का? (दादर)

उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही, आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. कॅसल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रायगड येतो, पण हे प्रकरण आपल्याकडच्या गढीच्या जास्त जवळचं आहे : तटबंदी केलेलं राहतं घर. मेयो परगण्यातल्या अॅशफर्ड कॅसलचं मूळ 1228 चं, किल्डेअरमधल्या किल्की कॅसलचं 1180 चं. आत लाकडी छत, लाकडी तावदानं, भिंतींवर जुनं कापड. धूर सुटला की आधी अलार्म वाजतो, मग अख्खी इमारत रिकामी करावी लागते. उघड्या ज्योतीमुळे विम्याचं संरक्षणही जाऊ शकतं.

म्हणून इसार देण्याआधी लेखी विचारा : उघडी ज्योत चालेल का, कुठे आणि किती वेळ? तोंडी ‘नो प्रॉब्लेम’वर विसंबू नका. हो म्हणणारा विक्री विभागातला असतो आणि त्या दिवशी थांबवणारा सुरक्षेचा माणूस वेगळाच निघतो.

विधी दोन भागांत केले तर सगळं जमतं. अंतरपाट, मंगलाष्टकं, कन्यादान आत दालनात. लाजाहोम आणि सप्तपदी बाहेर अंगणात, बाजू उघड्या असलेल्या मांडवात. आयर्लंडात वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा कॅसलची भिंत किंवा उंच कुंपण त्या बाजूला राहील अशी जागा निवडा. नाहीतर मंगलाष्टकांत न विझलेला उत्साह होमाच्या धुरात विझतो. हवनकुंड तांब्याचं, 9 ते 12 इंचांचं पुरे. ते थेट हिरवळीवर किंवा जुन्या फरशीवर ठेवू नका. आधी लोखंडी ट्रे, त्यात दोन इंच वाळू, वर विटांचा थर आणि मग कुंड. उष्णतेने चुनखडीची फरशी तडकते आणि तिची भरपाई तुमच्या अनामत रकमेतून जाते.

लाकूड तिथेच घ्या, भट्टीत सुकवलेलं. थंड, दमट हवेत साधं लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. ते बोटाएवढं बारीक चिरून घ्या. लाजाहोमाला लहान जाळ पुरतो, दीड-दोन किलोपेक्षा जास्त लाकूड लागत नाही. शेल्या-उपरण्याची गाठ कुंडाच्या बाजूला लोंबत नाही ना, हे करवलीने बघावं. जवळ वाळूची बादली, अग्निशामक आणि एक जाड ब्लँकेट ठेवा. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रात्रभर पाणी घालून ठेवा. फुलांच्या वाफ्यात ओतू नका.

अक्षता साध्या तांदळाच्या, अगदी फिकट रंगवलेल्या ठेवा. ओलं कुंकू नि हळद चुनखडीच्या दगडात मुरते आणि निघत नाही. खाली जाड चादर अंथरली की झाडायचं कामही वाचतं. हळद लावायचा कार्यक्रम मुंबईतच उरकलेला बरा.

प्रश्न : मुहूर्त मुंबईच्या पंचांगातला घेऊन साडेचार तास वजा केले तर चालेल का? (मुलुंड)

उत्तर : तिथी आणि नक्षत्राच्या समाप्तीसाठी चालेल, कारण ते क्षण जगभर एकच असतात, उन्हाळ्यात आयर्लंड आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. पंचांगातल्या ‘लग्ना’साठी, म्हणजे त्या क्षणी पूर्वेला उगवणाऱ्या राशीसाठी, मात्र नाही. उगवती रास ठिकाणानुसार बदलते. मुंबईत प्रत्येक रास साधारण दोन तासांत उगवते, तर आयर्लंडच्या 53 अंश उत्तर अक्षांशावर मीन आणि मेष तासाभरात उगवून जातात, कन्येला पावणेतीन तासांहून जास्त लागतात. त्यामुळे मेष लग्नाचा मुहूर्त पंधरा मिनिटं चुकला तर तिथे बरंच काही चुकतं. भटजींना कॅसलचे अक्षांश-रेखांश द्या आणि तिथलं गणित करून मागा.

गोरज मुहूर्ताचा आग्रह असेल तर लक्षात घ्या, की जूनच्या तिसऱ्या आठवड्यात डब्लिनला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. आजी-आजोबा तोवर पेंगायला लागतील. चातुर्मास पाळणाऱ्या घरांना जुलै-ऑगस्ट मिळत नाही, पण त्यात नुकसान नाही : आयर्लंडात सर्वांत जास्त ऊन मे आणि जूनमध्येच असतं. तरी पावसाची तयारी हवीच. पश्चिम किनाऱ्यावर वर्षात 225 च्या आसपास दिवस पावसाचे, पूर्वेला 150 च्या. पैठणीवर घ्यायला उबदार शाल आणि ओल्या गवतावर टोकदार टाचा रुततात म्हणून सपाट तळाची पादत्राणं, एवढं निमंत्रणासोबतच कळवून ठेवा.

प्रश्न : 60 पाहुण्यांपैकी काहींकडे शेंगेन व्हिसा आहे. तो चालेल ना? (बोरिवली)

उत्तर : नाही. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही; वेगळा व्हिसा लागतो. अर्ज ऑनलाइन भरून कागद मुंबईच्या केंद्रावर द्यायचे; फी एका प्रवेशाला 60 युरो, अनेक प्रवेशांना 100. प्रवासाला 3 महिने उरल्याशिवाय अर्ज घेत नाहीत, म्हणून मुदत सुरू होईल त्या आठवड्यातच सगळ्यांचे भरून टाका. वधू-वर तिथे कायद्याने लग्न करणार असतील तर त्यांनी लग्नासाठीचा व्हिसा मागायचा, साधा भेटीचा नव्हे. कॅसल बेलफास्टच्या बाजूला असेल तर तो भाग ब्रिटनचा आहे, व्हिसाही सहसा ब्रिटनचाच लागेल. आणि खोल्या मोजून घ्या : अॅशफर्डसारख्या मोठ्या ठिकाणीही 83 खोल्या आहेत, लहान कॅसलमध्ये निम्मे पाहुणे गावातल्या हॉटेलात जातात. मग रात्रीच्या बसचा खर्च आधीच धरा.

प्रश्न : तूप, पेढे, विड्याची पानं, नारळ इथून नेता येतील का? (गिरगाव)

उत्तर : नारळ न्या. युरोपीय संघाच्या नियमात नारळ, केळी, खजूर, अननस आणि ड्युरियन यांना वनस्पती-आरोग्य दाखला लागत नाही. विड्याची पानं, आंब्याचे डहाळे, तुळस, फुलं यांना तो लागतो, म्हणून ती नेऊ नका; डब्लिनच्या भारतीय दुकानात मागणी नोंदवून ठेवा. दूध आणि दुधाचे पदार्थ पाहुण्यांच्या सामानातून न्यायला बंदी आहे. पेढे, खवा, श्रीखंड, तूप, सगळं त्यात आलं. गोवऱ्याही नाहीत.

तूप तिथेच कढवा. आयर्लंडचं लोणी उत्तम असतं. बिनमिठाचं घ्या, खारट लोण्याचं मीठ बेरीत उतरतं आणि तळ करपतो. एक किलो लोण्यातून साधारण 800 ग्रॅम तूप निघतं. होमाला आणि वाढपाला मिळून 60 पानांसाठी दीड किलो लोणी घ्या, आणि कॅसलच्या स्वयंपाकघरात आदल्या दिवशी दुपारी तासभर एक शेगडी मोकळी मागून ठेवा.