चारला चाक थांबलं पाहिजे

पुणे, ३० नोव्हेंबर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू जिन्यातच बसून मला मोबाइलवर तुमच्या नाताळच्या सहलीचा नकाशा दाखवलास, तेव्हा मी फारसं बोलले नाही. तुझा चेहरा इतका उतरलेला होता की आधी चहा टाकावा असं वाटलं. पाच मित्र, प्रत्येकाच्या दोन-दोन जागा, आणि कुणालाच नाही म्हणता येत नाही म्हणून तू सगळ्यांच्या सगळ्या जागा नकाशात टोचून ठेवल्यास. माळशेज, भंडारदरा, इगतपुरी, ताम्हिणी, वरंधा, महाबळेश्वर, कास, कोयनानगर, आंबोली. पाच दिवस, चार रात्री, रोज तंबू. वर मला विचारलंस, "काकू, यातली कुठली गाळू?"

दोन दिवस विचार करून लिहिते आहे, कारण समोर बसून बोलले असते तर मी चिडले असते.

बाळा, प्रश्नच चुकीचा विचारलास. तू जागा गाळायला बसलास की कुणाचं तरी मन मोडणार, आणि तुला ते जमत नाही. जागा गाळूच नकोस. आधी एकच गोष्ट ठरव, की रोज दुपारी चार वाजता गाडीचं चाक थांबलेलं असेल. मुक्कामाच्या जागी, इंजिन बंद करून. मग नकाशा पुन्हा उघड आणि जिथे चारला पोचता येत नाही ती जागा आपोआप गळते का नाही ते बघ. तुला कुणाला नाही म्हणावं लागणार नाही.

चारच का, पाच का नाहीत, असं विचारशील. सगळेच विचारतात. नाताळच्या सुट्टीत पुण्याकडे सूर्य सहा वाजून पाच-सात मिनिटांनी मावळतो. पण तू असणार डोंगराच्या कुशीत. पश्चिमेला कडा असेल तर ऊन तासभर आधीच जातं. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाशही टिकत नाही, सूर्य गेल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत काळोख. एकतीस वर्षं भूगोल शिकवताना हे मी फळ्यावर काढून दाखवलं, पण ते अंगात भिनलं एका रात्रीत. ती रात्र पुढे सांगते.

चार ते सहा हे दोन तास तंबूचे. त्यात काय काय करायचं असतं याची तुला कल्पना नाही, कारण आत्तापर्यंत तू पवनेच्या काठी पैसे भरून उभ्या तंबूत झोपला आहेस. स्वतः तंबू लावायचा तर आधी सगळ्या जागेभोवती एक फेरी मारायची. वर बघायचं. कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं असेल तर खाली चूल पेटवायची नाही आणि तिथे थांबायचंही नाही. वाळकी फांदी डोक्यावर नको. मग खाली बघायचं. मुंग्यांची वारुळं, गुरांची वाट, पाणी वाहून गेल्याच्या खुणा. धरणाच्या काठी गाळाची सपाट, मऊ जमीन फार मोहात पाडते, पण ती पाण्याचीच जागा आहे, पाणी वर-खाली होतं. काठावर जुन्या पाण्याची रेघ दिसते, तिच्या बऱ्यापैकी वर राहायचं. शिवाय रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि खोलगट जागी साचते. अगदी तळ्याकाठी झोपलास तर दवाने तंबू निथळेल आणि दात वाजतील. तेच पंधरा-वीस फूट वर टेपाडावर झोपलास तर थंडी पुष्कळ कमी. हे सगळं डोळ्यांना दिसावं लागतं. बॅटरीच्या झोतात दिसतं ते फक्त झोत पडेल तेवढं.

आणि गावात जाऊन विचारायचं. हे तर उजेडातच शोभतं. काळोखात पाच पोरं गाडीतून उतरून दार ठोठावतात तेव्हा घरातली बाई घाबरते. चारला गेलास तर पोलीस पाटलाचं घर कुणीही दाखवतं. डिसेंबरात भाताची झोडणी उरकलेली असते, खळी मोकळी असतात. कुणी खळं देतं, कुणी देवळापुढचं अंगण देतं, दोन भाकऱ्याही मिळतात. पैसे विचारून, मोजून द्यायचे. "काही नको" म्हणाले तरी द्यायचे. आणि भंडारदरा, रतनवाडी, हरिश्चंद्रगडाचा परिसर हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, तिथे मनाला येईल तिथे रानात तंबू ठोकता येत नाही. गावाच्या आसऱ्याने, परवानगीने राहायचं. वाळक्या गवतात शेकोटी तर मुळीच नाही. एका ठिणगीने डोंगर पेटतो आणि वणव्याला मग कुणी आवरू शकत नाही.

आता तो प्रसंग. हा मी पूर्ण असा कुणाला सांगितलेला नाही.

१९९७ चा डिसेंबर. आमच्याकडे जुनी ओम्नी होती. हे, मी आणि आमची लेक, तेव्हा आठ वर्षांची. पावणेचारला आम्ही शेंडीला पोचलो, भंडारदऱ्याच्या धरणापाशी. एका म्हाताऱ्या बाबांनी स्वतःहून खळं दाखवलं. हे म्हणाले, "इथेच थांबू, पोर दमलीय." मी म्हटलं, घाटघरला जाऊ. वीस-बावीस किलोमीटर तर आहे. कोकणकड्यावरून सूर्यास्त बघायचा होता मला. वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले होते की सह्याद्री पश्चिमेला भिंतीसारखा तुटतो, आणि ती भिंत मी मावळत्या उन्हात एकदाही पाहिली नव्हती. हे काही बोलले नाहीत. गाडी सुरू केली.

अर्ध्या वाटेवर टायर बसला. जॅक खडीत रुतत होता. पोचलो तेव्हा काळोख झालेला. बॅटरीच्या उजेडात मी तंबू लावला, तोही तिरका. पाणी नव्हतं. हे कॅन घेऊन पाण्याच्या आवाजाच्या दिशेने गेले आणि दोन दगडांच्या फटीत यांचा पाय अडकून मुरगळला. रात्रभर घोटा सुजत गेला, पोर जागी, मी जागी. सकाळी उजाडल्यावर दिसलं, हातपंप तंबूपासून पन्नास पावलांवर होता. विरुद्ध बाजूला.

तो पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. आपल्या जिन्यात हे कठड्याला धरून एक-एक पायरी चढायचे ते तुला आठवत असेल. तू लहान होतास, यांची पिशवी वर नेऊन द्यायचास. मी सगळ्यांना सांगत राहिले की टायर बसला म्हणून ते झालं. यांनी चारचौघांत मला कधी खोटं पाडलं नाही. जाऊन चार वर्षं झाली. टायर बसायच्या आधी पाऊण तास जो निर्णय झाला तो माझा होता, एवढं एक वाक्य मी त्यांच्यापाशी बोलायला हवं होतं.

म्हणून चारला चाक थांबलं पाहिजे. सव्वाचार नाही. "अजून एकच घाट" तर मुळीच नाही.

आता तुझा प्लॅन. मोबाइल तुला नऊ तास दाखवतो ते फक्त गाडी चालवण्याचे. घाटात ताशी पंचवीस-तीस किलोमीटर पडतात. नाश्ता, जेवण, लघवीला थांबणं, कुणाला गाडी लागणं, फोटो. जो वेळ दाखवेल त्याची दीडपट धर. मग चारपासून उलटं मोजत ये. सहाला घर सोडलंस तर हातात दहा तास आहेत, म्हणजे मोबाइलवर साडेसहा तासांपेक्षा जास्त दिसणारा एकही दिवस चालणार नाही. आणि सलग चार दिवस साडेसहाही नकोत. पहिला दिवस लांबचा, बाकीचे आखूड. कासवरून निघून कोयनानगर बघून त्याच संध्याकाळी आंबोलीत तंबू, हे जे तू चौथ्या दिवशी लिहिलं आहेस, ते वाचून मला खरंच राग आला. आणि कासला डिसेंबरात कशासाठी? ती फुलं पावसाळ्यातली, ऑक्टोबर सरता सरता संपतात. नाव ऐकून जागा टोचलीस, ऋतू विचारलाच नाहीस.

मी असते तर उत्तरेचा एकच तुकडा धरला असता. पहिल्या दिवशी नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडी. दोनशे किलोमीटरच्या आसपास. टाकी संगमनेरला भरून घ्यायची, पुढच्या पंपाच्या भरवशावर राहायचं नाही. ऊसतोडणीचा हंगाम असतो. संगमनेर-अकोल्याच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्ताभर असतात, कित्येकांना मागे दिवाही नसतो, तिन्हीसांजेला तर अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत. त्याच वेळी गुरं घराकडे परततात. हेही कारण चारचंच. प्रवरेवरचं ते धरण १९२६ साली पूर्ण झालं, ते त्याच दुपारी बघून होईल.

दुसऱ्या दिवशी गाडी जेमतेम तासभर चालवायची. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ. तिथे घाई करू नकोस, बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम तिरप्या उन्हात बघ. मग साम्रद. सांदण दरी पायी बघायची, वाटाड्या घेऊन, आणि मुक्काम तिथेच गावात. तिसऱ्या दिवशी घाटघरचा कडा सकाळीच बघून घ्या, मग राजूरला परत येऊन पाचनईला जा. तिथून चौथ्या दिवशी पहाटे ज्यांना हरिश्चंद्रगड करायचा ते करतील, उरलेले गावात थांबतील. पाचव्या दिवशी घरी. माळशेजवाला मित्र नाराज होईल, तर होऊ दे. येताना आळेफाट्यावर त्याला दाखव की माळशेज इथून किती जवळ आहे आणि तो एका रविवारी करता येतो.

उतारावर एक लक्षात ठेव, ज्या गिअरमध्ये चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर ब्रेक तापून जळका वास येतो, आणि वास आला तेव्हाच उशीर झालेला असतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. बाकी गाडी चालवणं तुला येतं.

आता मित्रांना हे कसं सांगशील? इथे माझं ऐक, पण माझ्यासारखं करू नकोस. २०११ मध्ये लेकीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन मी तापोळ्याच्या बाजूला गेले होते. पुढची जागा नऊ किलोमीटरवर होती, पोरींनी महिनाभर आधी ठरवलेली. चारला दहा मिनिटं असताना मी गाडी एका शाळेच्या पटांगणाशी थांबवली. लेक म्हणाली, "आई, हा प्रवास नाही, ही शाळा आहे." त्यानंतर ती माझ्याबरोबर मुक्कामाला आली नाही. साडेपाचला त्या घाटात असं धुकं उतरलं की समोरचं झाड दिसेना. मी चुकले नव्हते. हे मी आजही म्हणते, आणि तू तिला विचारलंस तर तीही नाकारणार नाही. तिला राग थांबण्याचा नव्हता. मी कारण सांगितलं नाही, हुकूम सोडला, याचा होता. कारण सांगायचं तर शेंडीपासून सगळंच सांगावं लागलं असतं.

तेव्हा तू निघायच्या आधी सांग. घरी, चहा पिताना, पाचही जण समोर असताना. नियम सगळ्यांनी मिळून मान्य करायचा आणि गाडीत त्यावर चर्चा नाही. रस्त्यात साडेतीनला "नऊच किलोमीटर राहिलेत" असं कुणीतरी म्हणणारच, आणि म्हणणारा तुझा सगळ्यात जवळचा मित्र असेल. तेव्हा तुला माझी आठवण आली तर मला बरं वाटेल, पण माझं नाव सांगू नकोस. घड्याळ दाखव.

आणि ते दोन तास नुसते कामाचे नाहीत रे. तंबू पाऊण तासात लागतो. मग हातात चहा असतो आणि समोर कडा. ऊन तिरपं झालं की कातळाचे थर एकावर एक मोजता येतात, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकामागून एक वाहत आलेल्या लाव्ह्याचे. दुपारच्या उन्हात तोच कडा सपाट, करडा दिसतो. मग गुरांच्या घंटा, चुलींचा धूर, आणि काळोख पडला की रातवा पक्षी एकसुरी ओरडायला लागतो. यांना तो आवाज फार आवडायचा. पाय दुखावल्यानंतरही आम्ही दोघं जायचो, गाडी जाईल तिथवर. चारला खुर्ची मांडून द्यायचे मी.

आमचा तंबू माळ्यावर आहे, तोच घेऊन जा. दुकानातला नवा आणलास तर पहिल्यांदा तिथे जाऊन उघडशील, ते नको. बारा खुंट्या आहेत, लाकडी हातोडी आहे, खाली अंथरायला जाड प्लॅस्टिक आहे. एका बाजूची चेन अडकते, तिला मेण लावावं लागतं. सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत एकदा लावून बघू, मी शिकवते. मित्रांनाही आण, म्हणजे मलाच त्यांना सांगता येईल.

रविवारी चारला या.

तुझी,
काकू